डी कानिओ आणि संडरलंड: एका कोचच्या नेमणुकीचं पूर्ण प्रकरण

इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात संडरलंड म्हणून बंदराचं शहर आहे, पूर्वी जहाजं बांधायची आणि कोळसा काढायचा यावर अख्खं गाव जगायचं, आता दोन्ही बंद पडलंय. तिथल्या फुटबॉल क्लबनं ३० मार्च २०१३ ला, मँचेस्टर युनायटेडकडून १-० हरल्याबरोबर मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, मार्टिन ओ'नीलला काढलं आणि दुसऱ्या दिवशी, ईस्टरचा रविवार होता, पाओलो डी कानिओला आणून बसवलं. मॅच उरलेल्या सात, प्रीमियर लीगमधून खाली जायच्या रेषेवर टीम फक्त एका पॉईंटनं तरलेली, आणि एकदा खाली गेलं की टीव्हीचा पैसा जातोय, चांगले खेळाडू जातात, सावरायला वर्षं लागतात. क्लबला घाई का होती हे समजतंय. पण त्याच दिवशी क्लबचा व्हाइस चेअरमन डेव्हिड मिलिबँड यानं राजीनामा दिला, आणि कारण स्पष्ट सांगितलं, नव्या मॅनेजरची पूर्वीची राजकीय वक्तव्यं. ती वक्तव्यं इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याच्या फॅसिझमच्या बाजूची.

मिलिबँड म्हणजे ब्रिटनचा माजी परराष्ट्रमंत्री, तेव्हा शेजारच्याच साउथ शील्ड्सचा खासदार. त्याचे वडील राल्फ हे ज्यू, १९४० मध्ये नाझी फौजा बेल्जियममध्ये घुसल्या तेव्हा जीव वाचवून इंग्लंडला आलेले. काही लोक म्हणाले तो तसाही राजकारण सोडून न्यूयॉर्कला चालला होता, जाता जाता नाव करून गेला. मला ते पटत नाही. जायचंच होतं तर गप्प जाता आलं असतं की, कोणी विचारलं नसतं.

हे सगळं बेळगावात बसून लिहायचं कारण आहे. आपल्याकडं फुटबॉल हा नुसता टीव्हीवर बघायचा खेळ नाही, कॅम्पातली पोरं, सेंट पॉल्सची पोरं, टिळकवाडीत लेले ग्राउंडवर पावसाळ्यात चिखलात खेळणारी पोरं, आणि तिकडं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर कोल्हापुरात तर तालमी-तालमीच्या टीमा, शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा उतरतात. आणि आता प्रत्येक मंडळाचा ग्रुप आहे, प्रत्येक कोचचं स्टेटस आहे. कोचनं स्टेटसला काय ठेवलं यावरनं मिटिंगा मोडलेल्या मी जवळनं बघितल्यात. दर वेळी दोनच वाक्यं येतात, एक म्हणजे "खेळात राजकारण आणू नका", आणि दुसरं, "त्याचं वैयक्तिक मत आहे, कोचिंग बघा". संडरलंडमध्ये हीच दोन वाक्यं बोलली गेली, फरक एवढाच की तिथं सगळं जगासमोर घडलं, त्यामुळं कुठं काय चुकलं हे तारखेवार बघता येतंय.

आधी माणूस कोण ते बघू. डी कानिओचा जन्म १९६८ चा, रोमचा, कामगार वस्तीतला. लहानपणापासून रोममधल्याच लाझिओ क्लबचा वेडा, लाझिओकडूनच खेळायला लागला. पुढं युव्हेंटस, नापोली, मिलान, सेल्टिक करत इंग्लंडला आला. १९९८ मध्ये शेफील्ड वेन्स्डेकडून खेळताना रेड कार्ड दाखवलं म्हणून रेफ्री पॉल अल्कॉकला ढकललं आणि ११ मॅचची बंदी खाल्ली. आणि हाच माणूस २००० च्या डिसेंबरमध्ये वेस्ट हॅमकडून एव्हर्टनविरुद्ध, समोरचा गोलकीपर जखमी होऊन पडलाय बघून, गोल मारायचा सोडून बॉल हातात धरून उभा राहिला. त्याबद्दल फिफाचा फेअर प्ले पुरस्कार मिळाला. वेस्ट हॅमचे लोक आजपण त्याचं नाव प्रेमानं घेतात. हे मुद्दाम सांगालोय, कारण अशा प्रकरणात आपण माणसाला एका रंगात रंगवतो आणि मग त्याच्या बाजूचे लोक उठून बॉल हातात धरलेला फोटो दाखवतात आणि चर्चा संपते. तो फोटो खरा आहे. पुढचं पण खरं आहे.

२००० सालीच त्याचं आत्मचरित्र आलं, त्यात त्यानं मुसोलिनीबद्दल आदरानं लिहिलं, लोकांनी त्याला समजून घेतलं नाही असं त्याचं म्हणणं. २००४ मध्ये तो परत लाझिओला गेला. ६ जानेवारी २००५ ला त्याच शहरातल्या रोमाविरुद्धची डर्बी लाझिओनं ३-१ जिंकली, त्यानं गोल पण मारला, आणि मॅच संपल्यावर आपल्या प्रेक्षकांच्या स्टँडसमोर जाऊन उजवा हात सरळ ताठ पुढं केला. फॅसिस्ट सॅल्यूट. मग डिसेंबरमध्ये लिव्होर्नोला परत तेच. लिव्होर्नो कुठलं गाव तर इटलीचा कम्युनिस्ट पक्ष १९२१ मध्ये जिथं स्थापन झाला ते, आणि तिथले प्रेक्षक लाल झेंडे घेऊन येणारे, म्हणजे हात कुणासमोर करालोय हे त्याला पक्कं माहीत होतं. एका मॅचची बंदी आणि १०,००० युरो दंड झाला. आठवड्याभरात युव्हेंटसच्या मॅचला त्यानं परत हात वर केला. दंडावर ‘ड्युक्स’ असं गोंदवलेलं, मुसोलिनीला जी पदवी लावायचे त्याचं लॅटिन रूप.

त्यावेळी त्याला विचारलं तेव्हा त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, हा सॅल्यूट माझ्या माणसांसाठी आहे, मला त्यांच्यातला असल्यासारखं वाटतं, कुणाविरुद्ध हिंसा भडकवायची नाही. दुसरी, मी फॅसिस्ट आहे, रेसिस्ट नाही.

दुसऱ्या गोष्टीचं आधी बघू, कारण ती ऐकायला बरी वाटते आणि बरेच लोक तिथंच थांबतात. फॅसिझम आणि वंशद्वेष वेगळे काढता येतात का? याचं उत्तर फुटबॉलमध्येच आहे, बाहेर शोधायला नको. अर्पाद वाइस नावाचा हंगेरियन ज्यू कोच होता. १९३० मध्ये त्यानं आजच्या इंटर मिलानला लीग जिंकून दिली, तेव्हा त्या क्लबचं नाव अँब्रोसियाना होतं, कारण फॅसिस्ट राजवटीला ‘इंटरनॅशनल’ हा शब्द खपत नव्हता. मग १९३६ आणि १९३७ मध्ये बोलोन्याला लागोपाठ दोन वेळा लीग जिंकून दिली. त्या काळात इटलीत त्याच्या तोडीचा कोच शोधून सापडला नसता. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारनं वंशाचे कायदे केले, ज्यू पोरांना सरकारी शाळेतनं काढलं, ज्यू मास्तरांना नोकरीवरनं काढलं, बाहेरून आलेल्या ज्यूंना देश सोडायला सांगितलं. वाइसला बायको आणि दोन लेकरं घेऊन निघावं लागलं. आधी पॅरिस, मग हॉलंडमधल्या डोर्ड्रेख्टला एका छोट्या क्लबात कोच म्हणून राहिला. तिथं जर्मन आले आणि १९४२ मध्ये सगळ्यांना पकडलं. बायको एलेना, पोरगा रॉबेर्तो आणि पोरगी क्लारा, तिघांना त्याच वर्षी नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत मारलं. तो स्वतः जानेवारी १९४४ मध्ये तिथंच मेला. तीन लीग जिंकून दिलेला माणूस. त्याला इटलीतनं हाकलणारा कायदा ज्याच्या सहीनं झाला त्याची पदवी दंडावर गोंदवून "मी रेसिस्ट नाही" म्हणणं, याला मी वैयक्तिक मत म्हणू शकत नाही, माफ करा.

आता पहिली गोष्ट, माझी माणसं. हिच्याकडं शेवटी येतो, कारण ही आपल्या भागाला जास्त लागू आहे.

डी कानिओ मॅनेजर झाला तो स्विंडन टाऊनचा, मे २०११ मध्ये. तिथंच पहिली ठिणगी पडली होती. जीएमबी ही मोठी कामगार युनियन त्या क्लबला वर्षाला ४,००० पौंड स्पॉन्सरशिप द्यायची, ती त्यांनी काढून घेतली. ४,००० पौंड म्हणजे फुटबॉलच्या पैशात काहीच नाही, क्लबनं सोसलं, आणि डी कानिओनं पुढच्याच वर्षी टीमला चौथ्या पातळीची लीग जिंकून वर नेलं. मग कोण बोलणार? स्विंडनचा धडा संडरलंडच्या बोर्डानं असा घेतला असणार की ओरड चार दिवसाची असते आणि जिंकलं की विझते. म्हणजे त्यांना माहीत नव्हतं हे म्हणायला जागाच नाही. सॅल्यूटचे फोटो आठ वर्षं जुने, पुस्तक तेरा वर्षं जुनं, स्विंडनची बातमी दोन वर्षं जुनी.

मग संडरलंडनं काय केलं ते क्रमानं बघा, इथंच खरं शिकायला मिळतंय.

सोमवारी, १ एप्रिलला, क्लबनं पत्रक काढलं. क्लबच्या मुख्य अधिकारी मार्गारेट बर्न यांचं म्हणणं असं की डी कानिओवर फॅसिझमला सहानुभूती असल्याचा आरोप करणं हा त्याचा आणि क्लबचा पण अपमान आहे. नीट बघा, ज्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं मी फॅसिस्ट आहे, त्याला तसं म्हणणं हा अपमान झाला. त्याच पत्रकात डी कानिओनं सांगितलं की ट्रेव्हर सिंक्लेअर आणि क्रिस पॉवेल हे दोघं काळे खेळाडू माझे जवळचे मित्र, त्यांना विचारा मी कसा आहे. प्रश्न फॅसिझमचा होता, उत्तर मैत्रीचं आलं. मित्र असतील, असू देत, पण तो प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

मंगळवारी पहिली प्रेस कॉन्फरन्स. पत्रकारांनी सरळ विचारलं, तू फॅसिस्ट आहेस का. त्यानं सांगितलं, मला राजकारणावर बोलायचं नाही, मी पार्लमेंटमध्ये बसत नाही, मी फक्त फुटबॉलवर बोलणार. परत परत विचारलं, परत परत तेच. ‘नाही’ एवढा एक शब्द बोलला असता तर त्या दिवशी पन्नास टक्के भांडण संपलं असतं. नाही बोलला.

बुधवारी, ३ एप्रिलला, शेवटी लेखी निवेदन आलं. मी राजकीय माणूस नाही, कुठल्या संघटनेत नाही, रेसिस्ट नाही, आणि फॅसिझमच्या विचारसरणीला माझा पाठिंबा नाही, मी सगळ्यांचा मान ठेवतो. तीन दिवस लागले या एका ओळीला. आणि ती पण स्वतः समोर बसून नाही, कागदावर.

या तीन दिवसात बाहेर काय घडलं? डरहॅमच्या कॅथेड्रलचे डीन, म्हणजे तिथले मुख्य पाद्री, मायकेल सॅडग्रोव्ह, स्वतः संडरलंडचे पाठीराखे, यांनी डी कानिओला जाहीर पत्र लिहिलं. त्यांची आई नाझी जर्मनीतनं वेळेत निसटलेली ज्यू. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही, सरळ विचारलं की तू फॅसिझम सोडलायस हे जाहीर सांग, नाहीतर माझ्यासारख्याला या क्लबशी निष्ठा ठेवणं अवघड होतंय. अशा पत्राला उत्तर द्यायला कुठल्याही सरळ माणसाला अर्धा तास पुरतो.

आणि दुसरे म्हणजे खाणकामगार. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त भिडलं ते यांचं वागणं. संडरलंडचं मैदान, स्टेडियम ऑफ लाइट, हे मंकवेअरमथच्या कोळसा खाणीच्या जागेवर उभं आहे. खाण १९९३ मध्ये बंद झाली, मैदान १९९७ मध्ये उघडलं, बाहेर खाणकामगारांच्या डेव्ही दिव्याची मोठी प्रतिकृती उभी केलीय, नावात ‘लाइट’ आहे ते पण खाणीच्या अंधारातनं वर उजेडात येणाऱ्या लोकांच्या आठवणीसाठी. त्या भागात प्रत्येक खाणीच्या युनियनचा स्वतःचा बॅनर असतो, भरजरी, चित्रं काढलेला, आणि दर जुलैत डरहॅममध्ये मोठा मेळावा भरतो तेव्हा बँड लावून हे बॅनर गावातनं मिरवत नेतात, नवा बॅनर असला तर कॅथेड्रलमध्ये नेऊन त्याला आशीर्वाद देतात. आपल्याकडं दिंडीत पताकेला जो मान तोच. याच मंकवेअरमथ खाणीचा बॅनर मैदानात कायमचा लावलेला होता. डरहॅम माइनर्स असोसिएशननं क्लबला कळवलं, हा माणूस आणला असाल तर आमचा बॅनर आम्हाला परत द्या.

बघा, त्यांनी दगड नाही मारले. मॅच बंद पाडू म्हणाले नाहीत. आमचं जे आहे ते आम्ही तुमच्या भिंतीवर राहू देणार नाही, एवढंच. त्या लोकांच्या घरातले आजे-पणजे फॅसिझमविरुद्धच्या युद्धात लढलेले, संडरलंड शहरावर जर्मन विमानांनी जबर बॉम्ब टाकलेले. त्यांचा राग वर्तमानपत्र वाचून आलेला नव्हता. आणि ते क्लबचे शत्रू पण नव्हते, तेच तर क्लब होते. बोर्ड बदलतं, मालक बदलतोय, तेव्हाचे मालक एलिस शॉर्ट अमेरिकन होते, पण स्टँडमध्ये बसणारी घरं तीच राहतात. बोर्डानं नेमणुकीच्या आधी या लोकांशी एक फोन तरी केला असता तर. नाही केला, निदान त्यांच्या रागावरनं तरी तसंच दिसतंय.

पुढचं पटकन सांगतो. ७ एप्रिलला चेल्सीकडून २-१ हरले. १४ एप्रिलला न्यूकॅसलच्या मैदानावर जाऊन, म्हणजे शंभर वर्षांच्या वैऱ्याच्या घरात, ३-० जिंकले, सेसेन्यॉं, जॉन्सन आणि व्हॉन यांचे गोल, आणि डी कानिओ सुटाबुटात गवतावर गुडघ्यांवर घसरत गेला. तो व्हिडिओ जगभर फिरला. मग एव्हर्टनला १-० हरवलं. मग अॅस्टन व्हिलाकडून ६-१ असा मार खाल्ला, पण शेवटी ३९ पॉईंट घेऊन १७ व्या नंबरवर राहून वाचले. न्यूकॅसलच्या मॅचनंतर फॅसिझमचा विषय जवळजवळ संपलाच. कोणी खोडून काढला नाही, कोणी सिद्ध केला नाही, तीन गोलांखाली गाडला गेला.

मग उन्हाळ्यात चौदा नवे खेळाडू आणले, कॅम्पमध्ये मोबाईल बंद, केचप-मेयोनीज बंद, खेळाडूंना सगळ्यांसमोर बोलणं, आणि नव्या सीझनला पाच मॅचमध्ये एक पॉईंट. २१ सप्टेंबरला वेस्ट ब्रॉमकडून ३-० हरल्यावर तो पाठीराख्यांच्या स्टँडसमोर जाऊन उभा राहिला, हातानं हनुवटी वर करून खुणावत होता, मान वर ठेवा म्हणून. दुसऱ्या दिवशी काढून टाकला. खेळाडूंचं आणि त्याचं पटत नव्हतं, हरत होते, म्हणून काढला. म्हणजे आणला तो जिंकायला, राहिला तो जिंकला म्हणून, गेला तो हरला म्हणून. डीननी विचारलेला प्रश्न, खाणकामगारांनी विचारलेला प्रश्न, त्याच्याशी या तिन्ही निर्णयांचा काही संबंध आला नाही. माझ्या मते क्लबचं अपयश ते आहे. माणूस गेला म्हणजे प्रकरण सुटलं असं कोणी म्हणालं तर मी मानणार नाही.

याच काळातल्या दुसऱ्या एका घटनेशी जोडून बघा. संडरलंडच्या नेमणुकीच्या बरोबर पंधरा दिवस आधी, १६ मार्च २०१३ ला, ग्रीसमध्ये एईके अथेन्सचा गिओर्गोस कातिदिस या २० वर्षांच्या पोरानं व्हेरियाविरुद्ध जिंकायचा गोल मारल्यावर शर्ट काढून नाझी सॅल्यूट केला. म्हणाला मला अर्थ माहीत नव्हता. ग्रीक फेडरेशननं राष्ट्रीय टीममधून आयुष्यभराची बंदी घातली, क्लबनं त्या सीझनला बाहेर बसवलं. १९ वर्षांखालच्या ग्रीक टीमचा कॅप्टन होता तो. विशीतल्या पोराला एका हातासाठी आयुष्यभर, आणि ४४ वर्षांच्या माणसाला, ज्यानं तीनदा हात केला, अर्थ माहीत होता, मुलाखत दिली, गोंदवून घेतलं, त्याला प्रीमियर लीगची टीम. दोन्हीतला फरक हा की एक कामाला येणारा होता आणि दुसऱ्याला सोडून देणं परवडत होतं. त्या पोराची शिक्षा बरोबर होती की जास्त यावर वाद घालता येईल, मला वाटतं त्याला शिकवायला हवं होतं, पण तराजू एक पाहिजे की नको?

अजून एक, निकोला अनेल्का. २८ डिसेंबर २०१३, वेस्ट ब्रॉमकडून वेस्ट हॅमविरुद्ध गोल मारून त्यानं केनेल म्हणून ओळखली जाणारी खूण केली, फ्रान्समध्ये ती ज्यूविरोधी म्हणून बदनाम. तो म्हणाला एका कॉमेडियन मित्रासाठी केली. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या कमिशननं काय केलं बघा, अनेल्का स्वतः ज्यूद्वेष्टा आहे असं आम्ही म्हणत नाही, असं लिहिलं, आणि तरीही ५ मॅचची बंदी आणि ८०,००० पौंड दंड दिला. क्लबची स्पॉन्सर कंपनी झूप्लानं करार पुढं न वाढवायचं ठरवलं. मला हा निकाल विचारपूर्वक वाटतो. माणसाच्या मनात काय होतं हे शोधत बसले नाहीत, मैदानात काय केलं आणि ते बघणाऱ्यापर्यंत काय पोचलं ते धरलं.

आता ‘माझी माणसं’.

मी सीमाभागातला मराठी माणूस आहे आणि हे लपवायचं कारण नाही. १९५६ मध्ये भाषेवर राज्यं पाडली तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणी हा पट्टा म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासूनचं दुखणं आमच्या घरात आहे. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला लहानपणी वडिलांचं बोट धरून गेलोय, १ नोव्हेंबरचा काळा दिन आमच्याकडं पाळतात, २००४ पासून सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा दावा चालू आहे त्याची प्रत्येक तारीख आम्हाला पाठ असते. त्यामुळं डी कानिओ जेव्हा म्हणतो, मला माझ्या माणसांतला असल्यासारखं वाटतं, तेव्हा ते वाटणं काय असतं हे मला कोणी शिकवायला नको. आणि म्हणूनच मी म्हणतो की त्याचं हे उत्तर चालत नाही.

कारण फरक आहे, आणि तो आपल्याला सांगता आला पाहिजे. आपली भाषा शाळेत पाहिजे, बोर्डावर पाहिजे, सरकारी कागदावर पाहिजे, आम्हाला आमच्या राज्यात जायचंय, ही मागणी आहे, कोर्टात मांडता येते, मोर्च्यात मांडता येते, आणि ती मान्य झाली तरी शेजारच्या कन्नड घरातल्या पोराचं नाव शाळेच्या पटावरनं कटत नाही. १९३८ च्या इटलीत कटलं. जो सॅल्यूट, जी घोषणा, जे चित्र, समोरच्याला सांगतंय की तू इथं नकोस, तुझ्या घरच्यांबरोबर जे झालं ते बरं झालं, ते अतिरेकी. माझ्यापुरती रेघ इथं आहे, आणि ती मराठीला पण लागू, कन्नडला पण लागू, कुठल्याही धर्माच्या झेंड्याला पण लागू. ही रेघ आपण स्वतः ओढली नाही तर दुसरे ओढणार, आणि ते मग आपल्या साध्या मराठी बोर्डाला पण अतिरेकी म्हणणार. म्हणतात पण.

आता मैदानावर या. आपल्या कुठल्याही बऱ्या टीमची यादी वाचून बघा, पाटील, देसाई असतात, मुल्ला, शेख असतात, हिरेमठ असतो, डिसोझा, फर्नांडिस असतात. पोरं एकमेकांना पास दे म्हणून तीन भाषांत ओरडतात आणि कुणाला अडत नाही. कोचनं स्टेटसला कुणाच्या कत्तलीचं कौतुक करणारं काही ठेवलं, किंवा अमुक लोकांना गावातनं हाकला म्हणून व्हिडिओ टाकला, की त्या रात्री टीममधल्या चार पोरांच्या घरात तो मोबाईल फिरतोय. सकाळी प्रॅक्टिसला पोरगं येत नाही. कोणी भांडण करत नाही, कोणी तक्रार करत नाही, नुसतं यायचं बंद. कमिटीला वाटतंय पोरगं अभ्यासाला लागलं असेल. "कोचिंग बघा" म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचंय, दादा, हे कोचिंगच आहे. त्या पोराला बसवायचं का खेळवायचं हे ठरवणारा तोच माणूस आहे, आणि पोरानं त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

संडरलंडमध्ये तीन जागा होत्या जिथं प्रकरण सुधारलं असतं. नेमणुकीच्या आधी बोर्डानं तोंडावर विचारायचं. पहिल्या पत्रकात आरोप करणाऱ्यांना दोष द्यायच्या ऐवजी जुन्या वक्तव्यांवर बोलायचं. आणि प्रेस कॉन्फरन्सला त्यानं स्वतः, आपल्या तोंडानं, हो किंवा नाही म्हणायचं. माणूस बदलू शकतो हे मी मानतो, मनापासून मानतो. ३ एप्रिलचं ते निवेदन त्यानं मनापासून दिलं असतं तर मी त्याच्या बाजूनं उभा राहिलो असतो. पण २०१६ मध्ये तो इटलीत स्काय स्पोर्टवर फुटबॉलचा कार्यक्रम करायचा, तिथं अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट घालून आला आणि कॅमेऱ्यात दंडावरचं ते गोंदण दिसलं. चॅनेलनं त्याला कार्यक्रमातनं काढलं. तीन वर्षांपूर्वी कागदावर पाठिंबा नाही म्हणून लिहिलेलं, आणि दंडावर तसंच.

म्हणून आपल्या मंडळांना माझं सांगणं आहे, नवा कोच ठेवताना, पाहुणा बोलावताना, त्याचं जुनं सार्वजनिक बोलणं आधीच बघा, आणि काही खटकलं तर गुपचूप बाजूला घेऊन नको, अख्ख्या कमिटीसमोर बसवून विचारा. कुठल्या पक्षाला मत देतोस हे विचारायचं नाही, तो त्याचा हक्क. हे तू लिहिलेलं, आज तुझं म्हणणं काय, आणि टीममधल्या अमक्या पोराच्या बापाला तू ते काय म्हणून सांगशील, एवढंच विचारायचं. पोरांच्या आया-बापांपैकी दोघं तरी त्या मिटिंगला असू देत, एकाच आळीतले नकोत. उत्तर मिटिंगच्या वहीत लिहायचं, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत, त्याची सही घ्यायची, आणि सीझन जिंकला म्हणून ते पान फाडायचं नाही.